डोळ्यांना विचारू नकोस

तुझ्या प्रवाळाच्या टाकीसाठी तू पाठवलेले दोन्ही दिव्यांचे फोटो पाहिले. "आत्या, यातला कुठला छान दिसतो?" म्हणतोस. छान दोन्ही दिसतात. पण तो उजेड तुला खायचा नाहीये, आणि ज्याला खायचाय त्याला तुझ्या पसंतीशी देणंघेणं नाही.

प्रवाळाच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शैवाल भाडेकरूसारखं राहतं. झूझँथेली म्हणतात त्याला. उजेडावर ते साखर तयार करतं आणि घरमालकाचं भाडं त्या साखरेतच चुकतं करतं. दिवा घ्यायचा तो या भाडेकरूसाठी. सगळ्याच प्रवाळांकडे असा भाडेकरू नसतो, हेही ध्यानात ठेव. तुझ्या आजीच्या अंगठीतलं पोवळं भूमध्य समुद्रातल्या अंधाऱ्या कपारींत वाढणाऱ्या जातीचं असतं, त्याला उजेडाची गरजच नाही. 'सन कोरल'चंही तसंच. नावात सूर्य, पण पोट भरतं ते पाण्यातून आलेल्या खाण्यावर. नावावर भुलू नकोस.

आता वॅट. दुकानदार वॅटवर बोलायला लागला की समजून जायचं. वॅटने विजेचं बिल कळतं, प्रवाळाच्या पानात काय पडलं ते कळत नाही. तुझ्या मित्राने सुचवलेला लक्समीटरही इथे फसवतो. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यांवर बेतलेलं आहे. आपल्या डोळ्यांना हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात भगभगीत वाटतो आणि निळा मंद. निळ्या एलईडीखाली तो मीटर बिचारा कमी आकडा दाखवतो, तू दिवा वाढवतोस आणि प्रवाळ भाजून निघतं. पार मीटर लागतो. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, म्हणजे शैवालाच्या कामाचा उजेड तो मोजतो. महाग आहे, विकत घेऊ नकोस, माझा ने. पंप चालू ठेवून वाळूवर, मधल्या दगडावर आणि वरच्या कपारीवर मोज, चारही कोपऱ्यांत मोज, आणि टाकीचं चित्र काढून त्यावर आकडे लिही. एलईडीच्या भिंगाखाली मधोमध एक आकडा येतो आणि कोपऱ्यात त्याच्या निम्माही येत नाही, हे बघून तुला नवल वाटेल. म्हणूनच तीन फुटी टाकीवर एक मोठा दिवा टांगण्यापेक्षा दोन लहान बरे. सावल्या मऊ पडतात आणि एक बिघडला तर दुसऱ्यावर चार दिवस निघतात. निळा आणि पांढरा वेगवेगळा कमी-जास्त करता येत नसेल, तर तो दिवा फुकट मिळाला तरी आणू नकोस.

पार मीटरवरचे आकडे पाठ कर. मऊ प्रवाळांपैकी मश्रूमला साधारण ५०, झोआंना ८० ते १२०, लेदरला १०० ते १५०. दोनशेच्या पुढचे आकडे कठीण सांगाड्याच्या, फांद्यांच्या जातींचे. त्यांचा विचार तू सोडून दे. आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावरून तर तुकडासुद्धा उचलायचा नाही. झोआ-लेदर घेतानाही कुठून आलंय ते विचार, कागद माग. आणि दुकानात सगळं निळ्या उजेडात ठेवलेलं असतं. त्यात चमकणारा तुकडा ठणठणीतच असेल असं नाही. 'जरा पांढरा लावा' म्हण. लावायला कां-कूं केली तर उठून ये.

आता माझी फजिती ऐक. एलईडीच्या आधी माझ्याकडे चार टी-५ नळ्या होत्या. त्या ९ ते १२ महिन्यांत बदलायच्या असतात. मी दीड वर्ष चालवल्या, कारण मला त्या लख्ख दिसत होत्या. उजेड रोज कणाकणाने उतरला की डोळे त्याला सरावतात, तक्रार करत नाहीत. मग एका शनिवारी झटका आला आणि चारही एकदम बदलल्या. आठवड्यात माझं थाळीएवढं लेदर मिटून पांढुरकं पडलं. नर्सरीत हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप मे महिन्यात थेट गच्चीत ठेवावं, तसं. ते वाचलं, पण पूर्ववत व्हायला चार महिने गेले. एकेक नळी पंधरा दिवसांच्या अंतराने बदलायला हवी होती.

तेव्हा नवा दिवा तीस-चाळीस टक्क्यांवर सुरू कर आणि आठवड्याला पाच टक्क्यांहून जास्त चढवू नकोस. उतावळेपणा नको. कमी उजेड प्रवाळ निभावून नेतं. अचानक वाढलेला त्याला झेपत नाही. झोआंनी देठ लांबवून माना वर काढल्या तर उजेड कमी पडतोय, तपकिरी पडली तरी बहुधा तेच. आक्रसून फिकी झाली तर आधी खाली सरकव आणि मग आठवडाभर हात लावू नकोस. आज दिवा, उद्या जागा, परवा पाणी असं केलंस तर नक्की कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

रोज ८ ते १० तास पुरे, आणि ते टायमरवर. पाहुणे आले म्हणून रात्री अकराला दिवा लावायचा नाही. तुझ्या बाबांना आधीच सांगून ठेव, त्यांना हौस आहे. टाकी खिडकीच्या उन्हातही नको, पाणी तापतं आणि काचेवर शेवाळ धरतं. मेटल हॅलाइड दिवा कुणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नकोस. मुंबईच्या उन्हाळ्यात त्याची धग उतरवायला चिलर चालवत बसशील.

दिवा पाण्यापासून आठ-दहा इंचांवर टांग. दर रविवारी त्याची भिंगं ओल्या फडक्याने पूस, अर्थात दिवा बंद करून आणि गार झाल्यावर. मिठाचा थर साचतो आणि उजेड खातो. वायरीला प्लगच्या खाली झोळ ठेव, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळावरून टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. ही गोष्ट दिव्याच्या आधी कर.

रविवारी मीटर न्यायला येशील तेव्हा झाकणाचा डबा आण. झोआंचा एक फ्रॅग, म्हणजे लहान तुकडा, काढून ठेवलाय, सात-आठ डोकी आहेत. माझ्याकडे तो ६० वर राहत होता; वर सांगितलेल्या ८० पेक्षा कमी, पण त्याला सवय त्याचीच आहे. तुझ्या चित्रात ६० कुठे आलंय ते शोध आणि तिथेच ठेव, भले तो कोपरा सोफ्यावरून दिसत नसला तरी.