वाघाच्या डॉक्टरकीची वाट गोठ्यातून जाते

नीटचा निकाल लागला की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो : "मुलीला वाघ-बिबट्यांची डॉक्टर व्हायचंय, त्याचा कोर्स कुठे असतो?" बारावीनंतर लगेच असा कोर्स कुठेच नाही. आधी पशुवैद्यकाची पदवी घ्यावी लागते, म्हणजे साडेपाच वर्षांची बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. आपल्याकडे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे आहेत. शिवाय देशभरातल्या सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरल्या जातात. तो अर्ज वेगळा भरावा लागतो आणि बरेच जण तो भरायचाच विसरतात.

या साडेपाच वर्षांत वाघ फारसा भेटत नाही. भेटते अडलेली म्हैस, पोट फुगलेली शेळी, पार्व्हो झालेलं कुत्र्याचं पिल्लू. वन्यप्राण्यांचा भाग अभ्यासक्रमात आहे, पण थोडा. जंगलाच्या ओढीनं आलेली मुलं इथे हिरमुसतात. मला मात्र हाच या शिक्षणाचा कणा वाटतो. गाईच्या मानेतली शीर झटकन शोधणारा हात आणि छातीच्या हालचालीवरून श्वास ओळखणारी नजर गोठ्यातच तयार होते. बेशुद्ध बिबट्याजवळ बसल्यावर तीच कामाला येते, आणि तिथे चुकायला वेळ नसतो.

जुन्नरच्या पट्ट्यात हे काम जवळून दिसतं. तिथला बिबट्या उसात राहतो आणि रात्री कठडा नसलेल्या विहिरीत पडतो. काठावर गाव लोटतं. डॉक्टरांनी बंदुकीनं भूल द्यावी, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण पोहणाऱ्या जनावराला भूल दिली तर ते बुडेल. म्हणून आधी दोरांनी खाट खाली सोडतात. दमलेला बिबट्या तिच्यावर चढून बसतो, मग पिंजरा उतरवला की बहुतेक वेळा तो आपणहून आत शिरतो. भूल द्यावीच लागली तर लांबूनच वजनाचा अंदाज बांधून झायलाझिन आणि केटामिनचा डोस ठरवायचा. भोवती आरडाओरडा असेल तर बिथरलेल्या प्राण्यावर औषध नीट चढत नाही, म्हणून गर्दी मागे हटवणं हाही उपचाराचाच भाग. प्राणी आडवा झाला तरी त्याचे डोळे उघडेच राहतात. त्यांत मलम घालायचं, वर कापड टाकायचं, आणि मग ताप, नाडी, श्वास सारखे बघत राहायचं.

ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात तेव्हा डॉक्टरचं कौशल्य वेगळंच असतं. बछडे तपासायचे, ठणठणीत असतील तर अंधार पडायच्या आत त्याच फडात ठेवून यायचे आणि लांबून वाट बघायची. आई रात्री येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्रातल्या डॉक्टरांनाही हे काम करावं लागतं. ते बघितलेला विद्यार्थी प्राण्याला विनाकारण हात न लावायला शिकतो.

पदवीनंतर एम.व्ही.एस्सी. करता येते. बरेलीजवळच्या इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था आणि जबलपूरचं पशुवैद्यकीय विद्यापीठ इथे वन्यप्राण्यांच्या आजारांवर मोठं काम चालतं. आपल्याकडे गोरेवाड्याचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. संशोधनाची आवड असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे. हे काम किती मोठं ठरू शकतं ते गिधाडांनी दाखवलं. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मढ्यातून गिधाडांच्या पोटात जातं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. 2006 मध्ये भारतानं गुरांसाठी त्या औषधावर बंदी आणली. तो शोध लागला मेलेली गिधाडं चिरून तपासणाऱ्यांना. शवविच्छेदनाचा वास सोसत नसेल, तर त्याचा विचार आत्ताच करा.

आता पालकांच्या काळजीचं. वन्यजीव पशुवैद्यकाच्या जागा कमी आहेत, हे खरं. प्राणिसंग्रहालयं आणि बचाव केंद्रं थोडीच आहेत, आणि संस्थांमधल्या नोकऱ्या पुष्कळदा कंत्राटी, पगारही बेताचा. व्याघ्र प्रकल्पांत अनेकदा पशुसंवर्धन खात्यातले अधिकारी प्रतिनियुक्तीवर जातात. म्हणून एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी होणं हा जंगलाकडे जाणारा सगळ्यात भक्कम रस्ता आहे, असं माझं मत. ही पदवी भारतीय वनसेवेच्या परीक्षेलाही चालते. जंगलाची संधी उशिरा आली तरी पदवीधर रिकामा बसत नाही, दवाखाना आणि दुग्धव्यवसाय त्याला पोसतात. मुलगी हे करू शकेल का, ही शंकाही सोडा. भुलीचा डार्ट मारताना ताकदीपेक्षा संयम लागतो.

दोन-चार आठवड्यांत "वन्यजीव बचाव तज्ज्ञ" करणाऱ्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका. नोंदणीकृत पशुवैद्यक नसलेल्याला उपचाराचा अधिकार नाही, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार वन्यप्राणी पकडायला वनखात्याची परवानगी लागते. घरी आणलेलं पोपटाचं पिल्लूही त्या कायद्यात बसतं.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलाला किंवा मुलीला आठवडाभर तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात पाठवा. तिथल्या डॉक्टरांना विनंती करा, त्यांच्यासोबत गोठ्यांत फिरू द्या. आठव्या दिवशीही ओढ तशीच असेल, तर बिनधास्त अर्ज भरा.