बाजारवाटेवरचे विहार

१. भिक्खूंचे विहार जगापासून लांब नव्हते, रहदारीच्या काठावरच होते. आळेफाट्याहून कल्याणच्या रस्त्याला लागायचं, ओतूर आणि गणेश खिंड मागे टाकून लेण्याद्रीला यायचं. या प्रवासातच ते उमगत जातं. सातवाहनांच्या काळी कोकणातल्या बंदरांचा माल नाणेघाट चढून जुन्नरला येई. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त कोरीव लेणी झाली, त्यात या वाटेचा वाटा मोठा. पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहत. भिक्षेला चालत जाता येईल इतक्या अंतरावर गाव लागेच. विरक्त माणसालाही कुणीतरी जेवू घालावं लागतं. हे लक्षात आल्यापासून मला डोंगर आणि बाजार वेगळे दिसत नाहीत.

२. घर कुणी बांधलं यापेक्षा तिथं राबता राहिला का, हे जास्त महत्त्वाचं. पावणेतीनशेच्या वर पायऱ्या चढून आपण लेण्याद्रीला गिरिजात्मज गणपतीच्या दर्शनाला जातो, तो सभामंडप म्हणजे सातव्या क्रमांकाचा विहार. एवढं मोठं दालन, पण आत एकही खांब नाही. तिन्ही बाजूंना मिळून वीस खोल्या कोरलेल्या, आणि मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन एक करून पुढे तिथं गणपती आला. दर्शन झालं की मी त्या अरुंद दारांकडे बघत बसते. एकेका खोलीत एक माणूस, आणि बाहेर सगळ्यांचं मिळून एक दालन. एकटं राहणं आणि मिळून राहणं यांची इतकी नेमकी मांडणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

३. मोठेपणा राजांच्या नावावर जमा करायची आपली सवय जुन्नरच्या शिलालेखांपुढे टिकत नाही. शेजारचं सहाव्या क्रमांकाचं चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्तानं दान केलं. बाप हेरणिक, सोन्यानाण्याचा व्यवहार करणारा. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. ग्रीकांच्या मुलखाशी नातं सांगणारा माणूस जुन्नरच्या डोंगरात पंगतीची सोय करतो! धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघटनेनं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेण्यांचीही नावं लेखांत आहेत.

४. जुन्नरजवळच्याच तुळजा लेण्यांतलं चैत्यगृह गोल आहे. मध्ये स्तूप, भोवती बारा अष्टकोनी खांब. लेण्याद्रीची गर्दी तिथं नसते, म्हणून दुपार तिथंच काढावी असं मला वाटतं.

५. पाणी सगळ्यात आधी. कातळात खोदलेल्या पोढ्या पाहिल्या की कळतं, डोंगरात राहायचं तर पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवावं लागतं. दात्यांनी चैत्याइतक्याच श्रद्धेनं पोढ्याही दिल्या, हे मला फार मोठं वाटतं. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला त्या दानाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

६. जुन्नरच्या या शिलालेखांचं सोप्या मराठीतलं वाचन तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आळेफाट्याला आणि नारायणगावला शेतमालाचे लिलाव बघत वाढणाऱ्या मुलांना धान्यव्यापाऱ्यांची श्रेणी समजायला कितीसा वेळ लागेल?