प्रकाशकणांची किल्ली आणि अंतराचे आव्हान

बँकांचे व्यवहार, वीजवहनाचे नियंत्रण, करदात्यांची विवरणपत्रे आणि संरक्षणविषयक संदेश या साऱ्यांची सुरक्षितता आज गुप्तलेखनावर अवलंबून आहे. १९७७ साली मांडली गेलेली आरएसए पद्धती एका साध्या वस्तुस्थितीवर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे असते. त्या गुणाकारावरून अवयव शोधणे मात्र अत्यंत कठीण. पुरेसा शक्तिशाली क्वांटम संगणक हे काम झपाट्याने करू शकेल, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. असा संगणक अद्याप तयार झालेला नाही. परंतु आज साठवून ठेवलेले सांकेतिक संदेश उद्या उलगडता येतील, हा धोका आजचाच आहे.

बंगळूरमध्ये मांडलेली कल्पना

यावरील एक उपाय शोर यांच्या दहा वर्षे आधीच, आणि तोही भारतभूमीवर, मांडला गेला होता. चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी डिसेंबर १९८४ मध्ये बंगळूर येथील परिषदेत तो सादर केला. या पद्धतीत संदेश नव्हे, तर संदेश कुलूपबंद करणारी किल्ली एकेका प्रकाशकणातून, म्हणजे फोटॉनमधून, पाठविली जाते. प्रेषक प्रत्येक फोटॉनला दोनपैकी एका मापनपद्धतीनुसार विशिष्ट अवस्था देतो. ग्राहक आपल्या मनाने मापनपद्धती निवडतो. नंतर दोघे केवळ निवडलेल्या पद्धती उघडपणे ताडून पाहतात आणि जुळलेले, म्हणजे सुमारे निम्मे, बिट ठेवतात.

मध्येच कोणी हेरगिरी केली तर? अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल करता येत नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झाले आहे. हेराला फोटॉन मोजावाच लागतो आणि मोजताना त्याची अवस्था बिघडते. त्याने प्रत्येक फोटॉन मोजून पुढे पाठविला, तर ठेवलेल्या बिटांपैकी सुमारे २५ टक्के चुकीचे निघतात. नमुना तपासणीत ही चोरी उघड होते आणि ती किल्ली टाकून दिली जाते.

अंतराचे गणित

खरी अडचण अंतराची आहे. उत्तम ऑप्टिकल फायबरमध्येही दर १५ किलोमीटरला प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. १०० किलोमीटरनंतर शंभरातील एक फोटॉन उरतो, तर ५०० किलोमीटरनंतर एक हजार कोटींत एक. सेकंदाला १०० कोटी फोटॉन सोडले, तरी १,००० किलोमीटरवर एक फोटॉन पोहोचण्यास सरासरी तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील. दूरध्वनीच्या जाळ्यातील प्रवर्धक येथे निरुपयोगी ठरतात. कारण जी नक्कल हेराला जमत नाही, ती यंत्रालाही जमत नाही.

चीनने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सुमारे २,००० किलोमीटर लांबीच्या बीजिंग-शांघाय मार्गावर म्हणूनच ३२ विश्वासू केंद्रे ठेवली आहेत. प्रत्येक केंद्रात किल्ली उघडी होते. त्यामुळे साऱ्या मार्गाची सुरक्षितता सर्वांत दुबळ्या केंद्राइतकीच राहते. २०१८ मध्ये सुचविलेल्या ‘जुळ्या क्षेत्रां’च्या पद्धतीत दोन्ही टोकांकडून प्रकाश मधल्या केंद्रात येतो आणि त्या केंद्रावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही. या मार्गाने चिनी संशोधकांनी २०२३ मध्ये १,००२ किलोमीटर फायबरचा टप्पा गाठला. मात्र किल्लीचा वेग सेकंदाला ०.००३४ बिट इतकाच होता. या वेगाने २५६ बिटांची एक किल्ली तयार होण्यास सुमारे २१ तास लागतात.

भारताची वाटचाल

फेब्रुवारी २०२२ मध्ये डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी प्रयागराज ते विंध्याचल या १०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, आधीच टाकलेल्या व्यावसायिक फायबरमधून ही पद्धती यशस्वी करून दाखविली. १९ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंतच्या या मिशनमध्ये २,००० किलोमीटर अंतरावरील आंतरशहरी किल्लीवाटपाचे उद्दिष्ट आहे.

खर्चाचा विवेक

सार्वजनिक पैसा मर्यादित असल्याने पर्यायांची तुलना अपरिहार्य ठरते. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम संगणकालाही दाद न देणाऱ्या गणिती पद्धतींची तीन मानके जाहीर केली. त्या सध्याच्याच जाळ्यावर चालतात. मात्र त्यांची सुरक्षितता गणिती अनुमानावर टिकून आहे. अशीच एक उमेदवार पद्धती २०२२ मध्ये साध्या संगणकावर फोडली गेली. याउलट फोटॉनच्या मार्गाला खास यंत्रे आणि राखणदारीची केंद्रे लागतात. शिवाय समोरची व्यक्ती खरी आहे याची खातरजमा वेगळी करावी लागते.

म्हणून दोन्ही मार्ग परस्परांचे प्रतिस्पर्धी मानण्यापेक्षा त्यांची कामे वाटून देणे श्रेयस्कर ठरेल. कोट्यवधी नागरिकांच्या दैनंदिन व्यवहारांना नवी गणिती पद्धती पुरेशी आणि परवडणारी आहे. ज्यांचे गुपित दशकानुदशके जपायचे आहे, अशा मोजक्या मार्गांवर मात्र फोटॉनचा खर्च सार्थ ठरू शकतो. कोणती माहिती किती वर्षे गुप्त राहिली पाहिजे, हे आधी ठरले, तरच किती किलोमीटर फायबर लागेल याचा हिशेब अर्थपूर्ण होईल.