पोलंडमध्ये उतरल्यावर: पहिल्या कागदांची कृती

चला, प्रवेश झाला, पासपोर्टवर ‘डी’ व्हिसा लागला. पोलंडमध्ये शैक्षणिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पोहोचा. पुढची कामं याच क्रमाने करा. बहुतेक खिडक्यांवर आधीच्या खिडकीचा कागद मागतात.

१. प्रवेशपत्र, विम्याची पॉलिसी आणि अपोस्टिल केलेली मूळ प्रमाणपत्रं विमानात हातातल्या बॅगेत ठेवा. सीमेवरचा अधिकारी ती तिथेच मागू शकतो; चेक-इन बॅगेतले कागद तेव्हा उपयोगाचे नाहीत.

२. खोली बघताना घरमालकाला पहिला प्रश्न विचारा, ‘पत्त्याची नोंदणी करून द्याल ना?’ टाळाटाळ झाली तर दुसरी खोली शोधा. भाडं कितीही कमी असो, नोंदणीविना पुढचं सगळं अडखळतं. विद्यापीठाच्या वसतिगृहात, म्हणजे ‘अकादेमिक’मध्ये, ही कटकट सहसा नसते.

३. भाडेकरारावर, म्हणजे ‘ऊमोवा’वर, सही करा. करार फक्त पोलिशमध्ये असेल तर आधी कळणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. अनामत रक्कम परत कधी मिळणार, ते त्यात लिहिलेलं हवं.

४. नोंदणीच्या फॉर्मवर मालकाची सही घ्या. ही राहिली तर उद्या पुन्हा रांग!

५. त्या पत्त्यावर राहायला आल्यापासून चौथ्या दिवसापर्यंत ‘उझोंत म्यास्ता’, म्हणजे नगरपालिकेची कचेरी, गाठा आणि तात्पुरत्या वास्तव्याची नोंद करा. आत शिरताना ‘जेन दोब्री’, म्हणजे नमस्कार, म्हणा. समोरची बाई इंग्रजी बोलेलच असं नाही, म्हणून पोलिश येणारा मित्र सोबत असलेला बरा. नोंदणी मोफत आहे.

६. निघण्याआधी नोंदणीचा दाखला मागा. त्याचे १७ झ्लॉटी पडतात.

७. दाखल्यावर ११ आकड्यांचा ‘पेसेल’, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, आहे का, बघा. ३० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या नोंदणीबरोबर तो मिळतो. दिसला नाही तर त्याच खिडकीवर विचारा.

८. मूळ प्रमाणपत्रं घेऊन विद्याशाखेच्या कार्यालयात, ‘जेकानात’मध्ये, जा. ते दिवसातले ठरावीक तासच उघडं असतं. वेळ आधी संकेतस्थळावर पाहा.

९. विद्यार्थ्याची शपथ घ्या आणि तिच्यावर सही करा. हा उपचार समजून टाळू नका, कारण विद्यार्थ्याचे हक्क शपथेनंतरच लागू होतात.

१०. ‘लेगितिमात्स्या’, म्हणजे विद्यार्थी ओळखपत्र, ताब्यात घ्या. वय २६ च्या आत असेल तर रेल्वेत ५१ टक्के सवलत मिळते. दर सत्राला त्यावर नवा होलोग्राम लावून घ्या. तो जुना असेल तर तिकीट तपासनीस दंड करतो.

११. पासपोर्ट आणि पेसेल घेऊन बँकेत खातं उघडा. ‘ब्लिक’, म्हणजे मोबाईलवरून पैसे देण्याची सोय, त्याच दिवशी सुरू करून घ्या, दुकानात आणि घरभाड्याला तेच सोयीचं पडतं.

१२. सरकारी आरोग्यविमा हवा असेल तर एनएफझेडच्या, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य निधीच्या, कचेरीत करार करा.

१३. त्यानंतर सात दिवसांत ‘झूस’, म्हणजे सामाजिक विम्याच्या, कचेरीत नाव नोंदवा. नुसता करार पुरेसा नाही. इथेच बरेच जण थांबतात आणि दवाखान्यात गेल्यावर त्यांना कळतं.

१४. व्हिसा संपायची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

१५. त्या तारखेच्या दोन महिने आधी, आणि काहीही झालं तरी व्हिसा संपायच्या आत, ‘कार्ता पोबितू’साठी म्हणजे निवास परवान्यासाठी प्रांतिक कचेरीकडे अर्ज करा. निकालाला महिने लागतात. अर्ज वेळेत आणि पूर्ण असेल तर तोवर पोलंडमध्ये राहणं कायदेशीर असतं. पण त्या काळात व्हिसा संपल्यावर गणपतीला किंवा दिवाळीला घरी आलात, तर परत जायला नवा व्हिसा लागतो. विमानाचं तिकीट काढण्याआधी भिंतीवरची तारीख बघा.