गिव्हअवे १.० ते ५.० : नाव निघालं, पण कशावरून?



मी मासिकाच्या मराठी विभागात लिहिणार हे ऐकून आई फोनवर हसतच सुटली. बरोबरच आहे. दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, त्यामुळे माझे ऱ्हस्व-दीर्घ देवाच्या भरवशावर. चुका पदरात घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांचा आहे : टेक फेस्टमधला गिव्हअवे, म्हणजे फुकट बक्षिसांची ऑनलाइन सोडत. ज्या साइटवर तुम्ही फॉर्म भरता ती आम्ही तिघांनी बनवली आहे आणि तिचं आता पाचवं व्हर्जन चालू आहे. प्रत्येक अपडेट का करावं लागलं, ते सांगते. सी येत असेल तर सगळं समजेल, नसेल तरी ऐंशी टक्के समजेल.

१.० : बेचाळिसावा फॉर्म

मी एस.ई.ला होते. बक्षीस एक पोर्टेबल हार्ड डिस्क, फॉर्म आले ४१२. फॉर्म वेबवर होता, पण नाव काढायचा प्रोग्राम मी सी मध्ये लिहिला होता. आदल्या संध्याकाळी लॅबमध्ये सगळ्या व्हॉलंटिअर्ससमोर ट्रायल घेतली, तर माझ्या रूममेटचं नाव आलं. सगळे हसलो आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी भरलेल्या ऑडिटोरियममध्ये, प्रोजेक्टर चालू असताना बटण दाबलं. पुन्हा तीच!

मग जे व्हायचं ते झालं. मागच्या रांगांतून "फिक्सिंग, फिक्सिंग" सुरू झालं. रूममेटने डिस्क घेतलीच नाही. आणि एफ.ई.ची एक मुलगी स्टेजजवळ येऊन अगदी शांतपणे म्हणाली, "ताई, तुम्ही काही केलं नसेल. पण ते आम्हाला कळणार कसं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक त्याच रात्री सापडली. सी मधलं रँड हे फंक्शन खरं रँडम नसतं. एका सुरुवातीच्या आकड्यापासून, म्हणजे सीडपासून, ते ठरलेल्या सूत्राने पुढचे आकडे काढतं. सीड दिला नाही तर तो १ धरला जातो. म्हणजे प्रोग्राम कितीही वेळा चालवा, आकड्यांची रांग तीच. आमच्या विंडोजवरच्या कंपायलरमध्ये त्या रांगेतला पहिला आकडा ४१ आहे. ४१ ला ४१२ ने भागलं तर बाकी ४१. अॅरे शून्यापासून मोजतो, म्हणून जिंकणार बेचाळिसावा फॉर्म. फॉर्म ३०० असते किंवा १००० असते, तरी बेचाळिसावाच जिंकला असता! आणि माझ्या रूममेटने फॉर्म बेचाळिसाव्या नंबरावर भरला होता.

२.० : सीड कुठून आणायचा?

पुस्तकातला उपाय म्हणजे घड्याळाची वेळ सीड म्हणून द्यायची. आम्ही तेच केलं आणि खूश झालो. पण विचार करा, ही वेळ सेकंदांत असते. सोडत चार ते पाचच्या मध्ये आहे हे माहीत असेल तर शक्य सीड फक्त ३६००. कोणीही सगळे चालवून बघेल आणि कोणत्या सेकंदाला बटण दाबलं तर कोण जिंकतो याचा तक्ता काढेल. बटण माझ्या हातात, म्हणजे संशय पुन्हा माझ्यावरच.

ही भीती काल्पनिक नाही. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकरच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच सापडलं. पत्ते पिसण्यासाठी सीड होता मध्यरात्रीपासून झालेले मिलिसेकंद, म्हणजे दिवसभरात ८,६४,००,००० शक्यता. मोठा आकडा वाटतो ना? पण ५२ पत्त्यांचे क्रम ८ पुढे ६७ शून्यं इतके आहेत. संशोधकांनी सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून शक्यता दोन लाखांच्या आसपास आणल्या. मग थोडे पत्ते दिसले की बाकीच्यांच्या हातात काय आहे ते सांगता येत होतं. म्हणून २.० मध्ये आम्ही वेळ काढून टाकली आणि ऑपरेटिंग सिस्टिम सुरक्षेच्या कामासाठी जे रँडम आकडे देते ते वापरले.

३.० : भागाकारातली बाकी

हा सगळ्यात छोटा बदल, पण व्हायवाला विचारतील असा. आमचं जुनं रँड ० ते ३२,७६७ मधला आकडा द्यायचं, म्हणजे एकूण ३२,७६८ आकडे. ते ४१२ जणांत वाटा. प्रत्येकाला ७९ आले की ३२,५४८ संपतात आणि २२० उरतात. हे २२० कोणाला? बाकी काढण्याच्या पद्धतीत ते पहिल्या २२० जणांना एकेक मिळतात. म्हणजे ज्यांनी फॉर्म लवकर भरला त्यांना ८० संधी, उरलेल्या १९२ जणांना ७९. फरक सव्वा टक्क्याचा आहे, पण फुकटचा आहे.

उपाय एका ओळीचा : आकडा ३२,५४८ किंवा त्याहून मोठा आला तर टाकून द्या आणि नवीन घ्या. रँडम आकडा कुठूनही आणा, ही ओळ ठेवाच.

४.० : अनेक विजेते, एकच माणूस

पुढे क्लबवाले म्हणाले, दहा टी-शर्ट आहेत, दहा नावं काढा. आमच्या एकाने सोपी आयडिया काढली : सॉर्ट फंक्शनला सांगायचं की दोन नावांची तुलना करताना नाणं उडव. दिसायला छान, पण चूक! सॉर्टिंग हे गृहीत धरतं की अ हा ब च्या आधी आणि ब हा क च्या आधी, तर अ हा क च्या आधी. नाण्याला हे माहीत नसतं. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने युरोपात ब्राउझर निवडायचं पान दिलं होतं. त्यात ब्राउझर्सचा क्रम रँडम हवा होता आणि नेमकी हीच युक्ती वापरलेली होती. लोकांनी मोजून पाहिलं तर इंटरनेट एक्सप्लोररमधून ते पान उघडल्यावर त्यांचा स्वतःचाच ब्राउझर साधारण निम्म्या वेळा शेवटच्या जागी येत होता. म्हणजे चुकीत लबाडी नव्हती. तरी चूक ती चूकच.

दुसरी चुकीची पद्धत : प्रत्येक नाव यादीतल्या कुठल्याही नावाशी अदलाबदल करायचं. तीन नावं घ्या. ३ × ३ × ३ म्हणजे २७ वाटा, आणि शक्य क्रम ६. सत्तावीसला सहाने भाग जात नाही, मग सगळे क्रम सारखे कसे येतील? बरोबर पद्धत फिशर-येट्स : शेवटून सुरू करा, प्रत्येक नाव फक्त त्याच्या आधीच्या नावांशी किंवा स्वतःशीच बदला. मग ३ × २ × १ = ६ वाटा आणि ६ क्रम. १९३८ ची पद्धत आहे, कागद-पेन्सिलच्या काळातली.

याच व्हर्जनमध्ये 'एका माणसाचे आठ ईमेल' हा रोग बरा केला. जीमेलच्या पत्त्यात टिंब कुठेही टाका, पत्र एकाच खात्यात जातं. एका हुशार मुलाने याच टिंबांवर अकरा फॉर्म भरले होते. आता फॉर्म पी.आर.एन.वर जातो आणि कॉलेजच्या ईमेलवर ओटीपी येतो. मोबाइल नंबर मागणं बंद केलं, कारण सोडतीला तो लागतच नाही.

५.० : कळणार कसं?

एवढं सगळं करूनही त्या मुलीचा प्रश्न तसाच होता. कोड आता बरोबर आहे, पण हे मी म्हणते. कोणी का मानावं?

अमेरिकेत अनेक राज्यांच्या लॉटऱ्या एकत्र चालवणाऱ्या संस्थेत एडी टिप्टन हा माहिती सुरक्षेचा प्रमुख होता. त्याने आकडे काढणाऱ्या कॉम्प्युटरमध्येच असा कोड घातला की वर्षातल्या ठरावीक दिवशी आकडे आधी ओळखता यावेत. २०१० च्या एका सोडतीच्या तिकिटावरून तो पकडला गेला आणि २०१७ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. यंत्र बंद खोलीत होतं. बाहेरच्यांनी नुसता विश्वास ठेवायचा होता.

आता आईची भिशी आठवा. सगळ्या काकू, मावश्या बसलेल्या. सगळ्यांसमोर चिठ्ठ्या लिहितात, सारख्या घड्या घालतात, स्टीलच्या डब्यात टाकतात आणि एखादं लहान पोर एक उचलतं. कोणी शंका काढत नाही, कारण सगळं डोळ्यांसमोर होतं. (डबा मात्र नीट हलवायला हवा. १ डिसेंबर १९६९ ला अमेरिकेत सैन्यभरतीसाठी ३६६ जन्मतारखांच्या कॅप्सूल काढल्या. त्या नीट मिसळल्या नव्हत्या, म्हणून वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्या मुलांचे नंबर जास्त करून आधी लागले.)

आमच्या साइटवर भिशीतलं हेच नव्हतं. म्हणून ५.० मध्ये असं केलं :

(अ) आदल्या रात्री फॉर्म बंद. पी.आर.एन.ची यादी नोटीस बोर्डवर, आणि खाली तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे यादीचा अंगठ्याचा ठसा. यादीत एक आकडा बदलला तरी पूर्ण ठसा बदलतो. नंतर कोणी नाव घुसवू शकत नाही.

(ब) स्टेजवर लुडोचा फासा आठ वेळा टाकायचा. शक्यता १६,७९,६१६. ते आठ आकडे आणि यादीचा ठसा जोडून पुन्हा हॅश काढायचा. शफलला लागणारा प्रत्येक आकडा त्यातूनच येतो.

(क) तीस ओळींचा प्रोग्राम यादीशेजारी लावलेला. कोणीही आपल्या लॅपटॉपवर चालवावा, तीच नावं यायला हवीत.

म्हणजे ज्या रँडम आकड्यासाठी वर्षभर भांडलो, तोच शेवटी आम्ही कॉम्प्युटरकडून काढून घेतला!

या वर्षीच्या फेस्टला फासा टाकायला मी त्याच मुलीला बोलावलं. ती आता एस.ई.ला आहे. फासा तिने स्वतःच्या रूमवरून आणला, आठ आकडे मोठ्याने वाचले आणि खाली जाऊन आपल्या लॅपटॉपवर प्रोग्राम चालवला. दोन मिनिटं हॉलमध्ये कोणी बोललं नाही. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "बरोबर आहे." मेकॅनिकलचा एक मुलगा जिंकला. मी त्याला ओळखत नाही.

ज्युनिअर्सना एवढंच सांगते : प्रोजेक्ट करताना 'चालतंय' झालं की थांबू नका. समोरच्याला ते स्वतः तपासता येतंय का, हेही विचारा.

रूममेटने या वर्षीही फॉर्म भरला नाही. मागच्या वेळचं तिच्या मनातून अजून गेलेलं नाही, आणि चूक माझी होती. पुढच्या फेस्टला भर म्हणून मी तिच्या मागे लागले आहे. बेचाळिसावा भरलास तरी चालेल, असं सांगितलंय.