हेअर ड्रायर लावला की अंधार

प्रश्न : अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या आरव्हीत (राहण्याची सोय असलेल्या गाडीत) एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना हेअर ड्रायर लावला की ब्रेकर पडतो. गाडीत दोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. गाडी ३० अँपिअर, १२० व्होल्टच्या जोडणीवर असेल, तर तिला जेमतेम ३,६०० वॅट मिळतात. ही तिन्ही उपकरणे प्रत्येकी दीड हजाराच्या आसपास खातात. ब्रेकर बिचारा आपले काम करतो. त्याच्या जागी मोठा बसवणे म्हणजे आगीला आवतण.

खरी काळजी गाडीला वीज आणणाऱ्या प्लगची. पिना काळवंडल्या किंवा भोवतीचे प्लास्टिक वितळले असेल, तर सैल जोड तापतो आहे. असा प्लग वापरू नये, गाडीमालकाकडून बदलून घ्यावा. प्लग लावताना-काढताना कॅम्पग्राउंडच्या खांबावरचा ब्रेकर आधी बंद करावा.

आणि ड्रायर लावण्यापूर्वी मायक्रोवेव्ह थांबवा.