माजी सैनिकांचे आरोग्य : मनाचा आघात, शरीराची व्याधी

युद्ध थांबले म्हणजे सैनिकाची झुंज संपतेच असे नाही. रणांगणावरील भीषण प्रसंगांचा आघात मनात घर करून राहिला, तर झोपेतून दचकून उठणे, तेच प्रसंग पुनःपुन्हा आठवणे, माणसांत मिसळणे टाळणे अशी लक्षणे दिसू लागतात. यास आघातोत्तर तणाव विकार असे म्हणतात. व्हिएतनाम युद्धानंतर, १९८० साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगसूचीत त्याचा समावेश केला. मात्र हा विकार मनापुरताच मर्यादित राहत नाही.

हृदयावरील परिणाम

डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्येच अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांच्या छातीतील धडधड, वेदना व धाप यांची नोंद केली होती. पुढे व्हिएतनामच्या काळात सैन्यात असलेल्या ५६२ जुळ्या भावांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १३ वर्षांच्या अवधीत हा विकार असलेल्यांपैकी २२.६ टक्के व्यक्तींना हृदयविकार जडला. विकार नसलेल्यांत हे प्रमाण ८.९ टक्के होते. धूम्रपानासारखी इतर कारणे विचारात घेऊनही हा फरक पुरता नाहीसा झाला नाही.

असे का घडते?

संकटसमयी शरीरात ॲड्रेनॅलिन स्रवते, नाडी जलद होते, रक्तदाब वाढतो. संकट टळताच हे सारे पूर्ववत व्हावयास हवे. या विकारात मात्र शरीर सतत सावध राहते. त्यात झोपमोड, तंबाखू, मद्य व व्यायामाचा अभाव यांची भर पडते. मधुमेह, पोटाचे विकार आणि जुनाट अंगदुखी या तक्रारीही अशा व्यक्तींत अधिक आढळतात.

आपले कर्तव्य

सातारा, सांगली, कोल्हापूर यांसारख्या जिल्ह्यांत सैनिकी परंपरेची अनेक गावे आहेत. तेथील माजी सैनिक छातीची वा पोटाची तक्रार सांगेल. मनाची सांगेलच असे नाही. म्हणून सरपंच, शिक्षक व आरोग्यसेवकांनी त्याच्या झोपेची, मनःस्थितीचीही आस्थेने विचारपूस करावी. मात्र छातीत दुखत असल्यास ते मनाचे समजून दुर्लक्ष करू नये. तत्काळ वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना कार्यान्वित आहे. मार्गदर्शनासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. मानसिक आरोग्याबाबत १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. ही माहिती घरोघरी पोहोचविणे, हे ग्रामपंचायतीस सहज शक्य आहे.